इंजिन बंद केलेला नातू

पूर्वी एकदा चंद्रापलीकडे एक म्हातारे यान आपल्या नातवासोबत, एका छोट्या यानासोबत, उडत होते. मागून शत्रूचे क्षेपणास्त्र उष्णतेचा माग काढत आले. नातवाने झटकन इंजिन बंद केले.

"आजोबा, आता मी दिसणार नाही. व्हिडिओ गेममध्ये असंच लपतात."

"अरे गाढवा, थर्मासच्या भिंतीत पोकळी असते, म्हणून चहा लवकर निवत नाही. इथं तर चहूकडे पोकळीच आहे. तुझं अंग अजून तापलेलंच आहे. पळ!"

"पण गेममध्ये..."

क्षेपणास्त्र थेट नातवाकडे निघाले.

"किती वेळा सांगायचं याला!" म्हातारे यान ओरडले. मग आपली सगळी इंजिने पेटवून ते उलट्या दिशेला सुटले. जास्त उष्णता दिसताच क्षेपणास्त्र त्याच्यामागे वळले. म्हातारे यान परत आले नाही.

नातू अजूनही सगळ्यांना सांगतो, "इंजिन बंद केलं, म्हणून वाचलो."