करंजपाड्याच्या बांधाला पोट कसे सुटले

करंजपाड्याचा खाडीवरचा बांध सगळीकडे काठीसारखा सरळ आहे, फक्त मधोमध त्याला पोट सुटले आहे. शहरातली शिकलेली मंडळी इथे येऊन भराव, प्रवाह असे काय काय बोलतात. बोलू द्यावे. त्यांचा घसा कोरडा पडला की खरी हकिकत सांगावी.

फार पूर्वी इथे पास्कू नावाचा शेतकरी होता. अंगाने धिप्पाड, मन मात्र सुपारीएवढे. आगेऱ्याच्या, म्हणजे सुगीच्या सणाला नव्या भाताची पहिली जुडी देवळात नेण्याचा मान त्या वर्षी शेजारच्या कत्रीनबायला मिळाला. बाई विधवा, पदरात लेकरे. तरी पास्कूचे डोके फिरले. गाव देवळात मिस्साच्या प्रार्थनेला बसलेला पाहून तो बांधावर गेला आणि भरतीचे पाणी अडवणारी लाकडी झडप त्याने उपसली. बाईचे भात जरा भिजवावे, एवढाच बेत होता म्हणे. पण रागाच्या भरात पौर्णिमेचे उधाण तो साफ विसरला. पाण्याने चौकटीसकट बांधच फोडला, आणि कत्रीनबायचे कापणीला आलेले शेत खाऱ्या पाण्यात आडवे झाले.

पास्कू घाबरून थेट देवळात धावला, गुडघाभर चिखलासकट. त्यामुळे चोर शोधायला कुणाला कष्ट पडले नाहीत. लोक म्हणाले, गावाबाहेर काढा. पाद्री म्हणाले, क्षमा करा. पास्कू कत्रीनबायच्या पायाशी बसला. तिच्या लेकरांच्या वर्षाच्या भाताचे पाणी झाले होते.

"ऊठ पास्कू," ती अखेर म्हणाली. "माफ केले तुला. येशूने सांगितले म्हणून केले, तुझे तोंड बघून नाही."

पास्कू कापसासारखा हलका झाला. चिखल झटकून निघालाही.

"कुठे चाललास?"

"घरी. माफ केलेस ना, बाय?"

"मी केले. समुद्राने कुठे केलेय? टोपली घे."

लोक कुरकुरले, की एक तर सोडून दे, नाही तर हाकलून दे, हे मधलेच काय? बाई म्हणाली, "हाकलला, तर माती तुम्ही वाहणार?" यावर गावाला एकदम आपापली कामे आठवली.

पास्कूने माती वाहिली. खार धुऊन जायला पुष्कळ पावसाळे लागले. तोवर त्याच्या शेतातले अर्धे भात बाईकडे जाई. आणि रोज दुपारी बाई त्याला ओट्यावर बोलावून लेकरांच्या पंगतीत बसवी, त्यांच्याच मडक्यातली पेज वाढी. शिव्या दिल्या असत्या तर पास्कूने मुकाट ऐकल्या असत्या; ती पेज मात्र पहिल्या दिवशी तो नुसतीच ढवळत बसला. आपले पाप सुटले, पण मोडलेले भरून देणे सुटले नाही, हे त्याला तिथे कळले, असे सांगतात.

बांध पुरा झाला, शेत गोडे झाले, बाईने पुरे म्हटले. तरी पास्कू जाता-येता एखादी टोपली टाकत राहिला. त्याचे पाहून कुणी भावाला फसवलेला, कुणी बायकोवर हात उचललेला, तेही येऊ लागले.

आजही करंजपाड्यात पापाची कबुली देऊन, पाद्रींकडून क्षमा घेऊन आलेला माणूस आधी दुखावलेल्याच्या दारी जातो, मोडलेले भरून देतो, आणि मगच इथे, बांधाच्या या पोटावर, टोपलीभर माती टाकतो. कशाबद्दल, ते कुणी विचारत नाही. त्या उधाणानंतर समुद्र पुन्हा आत आलेला नाही. येईल कसा? गावाने तेवढी सोयच ठेवलेली नाही. टोपल्या त्या झाडाखाली आहेत. पाहुण्यांनाही मनाई नाही.