सकवारआयची हाक

बसा रे पोरांनो, बसा. आणि मधे मधे विचारू नका, नाहीतर माझा धागा तुटतो. ही गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची, आपल्या धारेवाडीला पूल नव्हता तेव्हाची. ओढ्याच्या अलीकडे अर्धी वाडी, पलीकडे अर्धी. अलीकडे सकवारआय राहायची. पोरांच्या दुखण्याचं तिला सगळं कळायचं. उन्हाळ्यात पोटं बिघडायची, पावसात खोकला धरायचा, थंडीत छाती भरायची, आणि सगळी वाडी तिच्या दारात.

पण लोक कसे, सांगू? घरात औषध ठेवलं की दुखण्याला आवतण दिलं, असं मानायचे. आयनं सुंठ दिली, वेखंड दिलं, की एक दिवस वापरायचं आणि उरलेलं ओढ्यात सोडून यायचं. आय कपाळावर हात मारायची. "अगं बायांनो, ओढ्याला काय खोकला झालाय व्हय?" म्हणायची. कुणी ऐकेल तर शपथ!

एका आषाढात ओढा असा फुगला की सात दिवस उतरलाच नाही. आणि पलीकडच्या हौसाचा म्हाळू, दोन वर्षांचं पोर, जुलाब-उलट्यांनी लोळागोळा झाला. डोळे खोल गेले, रडायचं त्राण उरलं नाही. हौसा त्याला पदरात घेऊन काठावर आली आणि तिनं टाहो फोडला, "आय! माझं लेकरू चाललं गं!"

आय धावत अलीकडच्या काठावर आली. मधे लाल पाणी, त्यात झाडं वाहतायत. पोहणारे गडीसुद्धा मागे सरले.

"पावसाआधी दिलेली पुडी कुठाय?" आयनं ओरडून विचारलं.

हौसा रडतच ओरडली, "टाकली आय. माझ्याच हातानं पाण्यात टाकली."

दुसरी कुणी असती तर शिव्या घातल्या असत्या. आयनं एवढंच विचारलं, "मीठ हाय का?"

"हाय."

"गूळ हाय का?"

"हाय!"

"चूल पेटती हाय का?"

"हाय, आय!"

"मग रडतीस कशाला? पाणी उकळ, निवू दे. तांब्याभर पाण्यात मूठभर गूळ, चिमूटभर मीठ. आधी तू चाख. तुझ्या आसवांपेक्षा खारट लागलं तर वतून दे, पुन्यांदा कर. आन् घोटघोट पाज. उलटी झाली तर जरा थांब, पुन्यांदा पाज."

असं म्हणतात, की आय बोलायला लागली तसा तो ओढा गप्प झाला. पाणी वाहत होतं, पण आवाज नाही. पलीकडच्या प्रत्येक घरात आयचा शब्द न् शब्द ऐकू गेला. तीन दिवस ती काठावरून हलली नाही. हौसाचा हात थांबला की हाक यायची, "पाज!" चौथ्या दिवशी सकाळी म्हाळू भोकाड पसरून रडला, आणि दोन्ही काठांवरची माणसं आनंदानं रडली.

आयचा गळा मात्र कायमचा बसला. ओढ्यानं तिचा आवाज ठेवून घेतला, असं म्हणतात. पाणी उतरल्यावर ती घरोघर गेली. बोलता येईना, म्हणून पोरांचा हात पोचणार नाही असा उंच कोनाडा बोटानं दाखवायची आणि शेजारी उभी राहून हौसा सांगायची, काय ठेवायचं, कसं कोरडं ठेवायचं, वर्षाचं जुनं कसं फेकायचं. हौसानं सांगितल्यावर नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

आता पूल आहे, पलीकडे डॉक्टरीणबाई आहेत, कोनाड्यात ताप मोजायची नळी आहे, जुलाबावरची पाकिटं आहेत. तरी मृगाच्या आदल्या दिवशी सगळी वाडी आपापले कोनाडे उपसते. बाटल्यांवरच्या तारखा बघायच्या, सरलेलं बाजूला काढायचं. मग सगळ्यांनी ओढ्याच्या दोन काठांवर उभं राहायचं आणि एका काठानं दुसऱ्याला विचारायचं, "हाय का?" घराघरानं उत्तर द्यायचं. लाजायचं नाही, खोटं बोलायचं नाही.

गेल्या वर्षी पलीकडची एक नवी सून, कडेवर तान्हं, खाली बघत म्हणाली, "आमच्याकडं काहीच न्हाई." कुणी हसलं नाही. ती घरी पोचली तोवर तिच्या उंबऱ्यावर अकरा घरच्या बाया पुड्या-पाकिटं घेऊन उभ्या होत्या, आणि तिची सासू घाईघाईनं कोनाडा पुसत होती.