पैलवानांचा खांदा आणि ठकूची चाल

घाटाच्या अगदी पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावाला आपल्या पैलवानाचा भारी अभिमान होता. पैलवानाचं नाव बयाजी. देवळापुढची दगडी गोटी, जी चार माणसांना जागची हलत नसे, ती बयाजी एकटा खांद्यावर घेऊन देवळाला फेरी मारी. माणूस मनानं मोकळा होता, फक्त एक खोड होती. बायकांना ताकद नसते, हे तो रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचा. सगळ्यात जास्त ऐकवायचा आपल्या बायकोला.

त्याची बायको ठकू घाटावरच्या गावची. अंगानं काटक, बोलणं कमी. माहेरी असताना ती डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन घाट उतरून बाजाराला यायची आणि बाजार करून पुन्हा चढून जायची. बयाजीनं बढाई मारली की ती हसायची आणि म्हणायची, "उचलणं वेगळं, वाहणं वेगळं." बयाजीला त्यात काही वेगळं दिसत नसे.

बयाजीची धाकटी बहीण बकुळा. तिचं लग्न घाटापलीकडच्या गावात ठरलं. लग्न नवऱ्याच्या दारात, गोरज मुहूर्तावर. त्या उन्हाळ्यातला तो शेवटचा मुहूर्त होता. तो टळला तर थेट तुळशीच्या लग्नानंतरच, असं नवऱ्याच्या वडिलांनी आधीच बजावलं होतं, आणि ते शब्दाचे कडक म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध होते.

वऱ्हाडातली वडीलधारी माणसं पहाटेच सामान घेऊन पुढे गेली. मागे नवरीला हळद लागली, गाणी झाली, आणि हळदीच्या अंगानं बकुळानं मैत्रिणींबरोबर अशी काही फुगडी घातली की शेवटच्या गिरकीला तिचा पाय मुरगळला. बघता बघता घोटा टम्म सुजला. पाय टेकवेना. घाटातून बैलगाडी जात नव्हती. बकुळा हळदीच्या तोंडानं रडायला लागली, आणि डोळ्यांतलं पाणी गालावर पिवळं होऊन ओघळलं.

बयाजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानं तालमीतले तीन गडी बोलावले, जाड बांबूला सतरंजी बांधून डोली केली आणि बहिणीला अलगद आत बसवलं. ठकू म्हणाली की चढ लांबचा आहे, आम्ही बायकाही खांदा देतो, आळीपाळीनं नेऊ. बयाजीनं मिशीवरून हात फिरवला. हे बायकांचं काम नव्हे, तुम्ही गाणी म्हणत मागून या, असं सांगून त्यानं डोली उचलली.

आणि उचलली ती काय झोकात! चौघं पैलवान दुडक्या चालीनं निघाले. वळवाच्या पावसानं ओढ्यात कमरेइतकं पाणी होतं, तिथं त्यांनी डोली डोक्यावर धरली आणि नवरीच्या साडीला थेंब लागू दिला नाही. वाटेवरच्या गुराख्यांनी शिट्ट्या मारल्या. मागच्या बायका केव्हाच दिसेनाशा झाल्या. बयाजी मनात म्हणाला, उन्हं कलायच्या आत पोचतो आपण.

मग चढ लागला. पहिलं वळण त्यांनी पळत घेतलं, दुसरं भरभर चालत. पुढे वळणं संपेनात. घाटात गोटी नव्हती की उचलली आणि टाकली. बांबू खांद्यात रुतत होता, ऊन डोक्यावर होतं आणि श्वास पुरेना. एक गडी ठेचाळला. तरी बयाजी थांबायला तयार नव्हता. शेवटी आतून बकुळाचा बारीक आवाज आला, "दादा, मला भोवळ येतेय. डोली फार हिंदकळतेय." तेव्हा कुठे त्यानं डोली एका आंब्याखाली टेकवली. चौघंही जमिनीवर आडवे झाले.

पाणी पिऊन पुन्हा उठायला गेले तर पाय उठेनात. सूर्य तर पुढे सरकत होता. बहिणीचा चेहरा बघवेना म्हणून बयाजी दुसरीकडे पाहत बसला. सगळ्या गावासमोर आपण काय बोललो ते त्याला आठवत होतं.

इतक्यात खालून गाणं ऐकू आलं. बायका येत होत्या. आल्या तशा त्यांनी बकुळाला पाणी पाजलं, तिच्या पायावर ओलं फडकं गुंडाळलं. ठकूनं पदर खोचला आणि डोली मागितली.

"तुम्हाला नाही झेपायचं," बयाजी म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"नाही झेपलं तर खाली ठेवू," ठकू म्हणाली. "तुम्हीही ठेवलीच आहे की."

बयाजीला हसू आलं. त्या दिवशी पहिल्यांदाच तो स्वतःवर हसला. त्यानं बांबू तिच्या खांद्यावर दिला.

बायका पळाल्या नाहीत. लहान पावलं टाकत, गाण्याच्या ठेक्यावर श्वास घेत त्या चढू लागल्या. खांदा दुखायच्या आतच दुसरी पुढे व्हायची. गाणं तुटत नव्हतं, चालही तुटत नव्हती. रिकाम्या हातांनी मागून चालताना बयाजी ठकूच्या पावलांकडे पाहत राहिला. इतकी वर्षं ही बाई त्याच्या घरात होती, आणि ती कशी चालते हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. आंब्यापासून खिंडीपर्यंत डोली एकदाही खाली टेकली नाही.

पण खिंडीत वाट बंद होती. वळवाच्या वादळात ऐनाचा एक जुना वृक्ष मुळासकट उन्मळून आडवा पडला होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. पहाटे पुढे गेलेली माणसं खोडावर चढून पलीकडे उतरली असतील, पण डोली तशी जाणार नव्हती. बायकांनी डोली ठेवली आणि सगळ्यांनी मिळून खोडाला जोर लावला. खोड ढिम्म हललं नाही. पुन्हा लावला. मुंगीइतकंसुद्धा सरकलं नाही. ठकूनं हात झटकले, वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि साधेपणानं सांगितलं, "हे आमच्यानं होणार नाही. हे तुमचं काम."

ती हे म्हणताना जराही शरमली नाही, याचंच बयाजीला नवल वाटलं. एव्हाना त्याची धाप थांबली होती, अंगात रग परत आली होती. चौघांनी खोडाखाली खांदे घातले. बयाजीच्या मानेच्या शिरा तटतटल्या. एकच हुंकार, आणि ते अजस्र खोड उचललं गेलं, कडेला आलं आणि गडगडत दरीत गेलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ठकू सगळ्यांदेखत म्हणाली की असा जोर तिनं जन्मात पाहिला नाही. बयाजीला फड जिंकूनही कधी एवढं गोड वाटलं नव्हतं.

आता उतार होता. डोली कुणी घ्यायची, हे ठरायला वेळ लागला नाही. उंच गडी पुढे, बायका मागे. उतारावर पुढची बाजू खाली जाते, ती पैलवानांच्या उंच खांद्यांनी सावरली आणि डोली पाळण्यासारखी सपाट चालली. चाल मात्र ठकूनं ठरवायची. पैलवानांनाही गाणं म्हणावं लागलं. त्यांच्या घोगऱ्या सुरांनी बकुळा आत इतकी हसली की दुखरा पाय विसरली.

गुरं रानातून परतत होती, धुळीचा सोनेरी पडदा हवेत होता, तेव्हा डोली मांडवाच्या दारात उतरली. वाजंत्री सुरू झाली. भावानं उचलून नवरीला पाटावर बसवलं आणि मुहूर्तावर अक्षता पडल्या.

लग्न लागल्यावर नवऱ्याचे वडील मानाचा फेटा घेऊन पुढे आले. डोली कुणी आणली, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांची बोटं बयाजीकडे वळली. बयाजी म्हणाला, "घाट हिनं चढवला, झाड आम्ही हटवलं. एकट्यानं कुणीच आणली नाही."

वडील गोंधळले. फेटा एकच होता. तेव्हा ठकू हसत म्हणाली की फेटा यांच्याच डोक्याला शोभतो, मला आपलं पाय शेकायला घंगाळभर ऊन पाणी द्या. मांडवात हशा पिकला. फेटा बांधलेला पैलवान उठला, चुलीकडे गेला आणि ऊन पाण्याचं घंगाळ स्वतः उचलून घेऊन आला. त्यात त्या दोघांनी शेजारी शेजारी बसून पाय सोडले. दोघांचेही पाय सारखेच सुजले होते.

एवढंच तात्पर्य: देहाचं बळ सगळ्यांना एकाच मापानं मिळत नाही. कुणाचं बळ क्षणाचं, कुणाचं वाटेचं. त्यात मोठं कोण, हे मोजत बसणारा वाटेत बसून राहतो. एकमेकांना खांदा देणारे मुहूर्त गाठतात.