धड राहिलेलं पुस्तक

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गावच्या वाचनालयात पोरं पंख्याखालच्या जागेसाठी भांडत आणि पुस्तकांसाठी त्याहून जास्त. एक दिवस अध्यक्ष विश्वासराव तणतणत आले.

"पुस्तकांच्या चिंध्या केल्यात! धड राहिलेलं एक तरी दाखवा, नाहीतर उद्यापासून मुलांना वाचनालय बंद!"

पोरं चुळबुळू लागली. चौथीतली तहसीन मात्र कपाटाकडे धावली आणि एक कोरं करकरीत पुस्तक घेऊन आली. ते विश्वासरावांनीच भेट दिलेलं त्यांचं आत्मचरित्र होतं.

"काका, हे बघा. दोन उन्हाळे झाले, एक पान दुमडलं नाही. सगळी पुस्तकं अशीच राहायला हवीत ना?"

विश्वासरावांनी पुस्तकाची कोरी पानं चाळली. मग ते आत्मचरित्र त्यांनी शेजारच्या पोराच्या हातात कोंबलं.

"घे, वाच. फाटलं तरी चालेल."