साळूच्या घराचे मागचे तोंड

ओढ्याकाठच्या एका जंगलात एक साळू राहत होती. साळू म्हणजे साळिंदर, मुलांनो; अंगभर काटे घेऊन चालणारे जनावर. हिच्या तर जिभेवरही काटे होते. पण तिचे बीळ म्हणाल तर वाखाणण्यासारखे. तरुणपणी स्वतःच्या नखांनी उकरलेले, आत ऐसपैस, उन्हाळ्यात गार आणि दोन तोंडांचे. पुढचे तोंड ओढ्याकडे, मागचे करवंदीच्या जाळीत. पुढून कोल्हा आला की मागून निसटायचे, असा सगळा कारभार.

आता साळू म्हातारी झाली होती. तिची लेक टेकडीपलीकडे नांदत होती. ती पोटुशी होती, पहिलीच खेप, म्हणून आईला टिटवीकडून सारखे निरोप धाडत होती. लेकीच्या बिळाला लागूनच एक कोरडी कपार रिकामी पडली होती, पण तिची मालकीण पडली रानडुकरीण. ती म्हणाली, "कंदांचा ढीग आण, माझ्या पोटाला लागेल एवढा, आणि कपार घे. पण लवकर ये बाई, मी कुणासाठी वाट बघत बसत नाही." नवे बीळ उकरायला साळूची नखे उरली नव्हती. तेव्हा आपले घर विकायचे, कंद घ्यायचे आणि लेकीजवळ जायचे, असे तिने ठरवले. बेत सरळ होता.

पण शेजारी खार होती ना!

खारीने नुकतीच आपली ढोली साळुंकीला विकली होती. तिने आत सावरीचा कापूस अंथरला, दाराशी पळसाचे फूल खोचले, आणि साळुंकी बघताक्षणीच भुलली, असे जो तो सांगत होता. साळूने आपल्या जाळीतून डोकावून पाहिले. झाडाखाली वाळल्या बोरांचा ढीग, हा एवढा उंच! जवळ जाऊन पाहावे, शेजारणीला दोन शब्द चांगले बोलावे, तर तेवढेही तिच्याच्याने झाले नाही.

"मूठभर जीव आणि ढीग बघा!" ती पुटपुटली. "ढोली तरी हिने पोखरलीय का? पोखरली सुतारपक्ष्याने, ही नुसती जाऊन बसली. नखं झिजवली मी, आणि कौतुक हिचं!"

त्या दिवसापासून तिला खाल्लेला कंद गोड लागेना.

अशातच एक सशीण घर बघायला आली. माळाला वणवा लागून तिचे घर गेले होते. साळूचे बीळ तेव्हा होते तसेच होते; दारात दात झिजवायला चघळलेली हाडे, छताला मुळ्या लोंबत असलेल्या. सशिणीने आत-बाहेर हिंडून पाहिले, वास घेतला आणि म्हणाली, "साळूबाई, घर मला पसंत आहे. आमच्या गोतावळ्याने कंद जमवून ओढ्याकाठी रचलेत, ते सगळे तुला देते."

ढीग पाहिला तर रानडुकरिणीच्या पोटाला लागून वर उरेल एवढा! साळूने हो म्हणायला तोंड उघडले, आणि मधेच तिला तो बोरांचा ढीग आठवला.

"एवढाच?" ती म्हणाली. "खारीच्या ढोलीला काय मिळालं ठाऊक आहे ना? माझा ढीग तिच्यापेक्षा वीतभर तरी उंच हवा."

"अगं, पण तुला किती हवेत?"

"तिच्याहून जास्त!"

 सशिणीला घर हवेच होते. "विचार करून आठ दिवसांनी पुन्हा येते," म्हणून ती निघून गेली.

मग साळूने घर सजवायला घेतले. हाडे ओढ्यात फेकली. लाल माती कालवून भिंती लिंपल्या. दाराशी एक नव्हे, पळसाची पाच-पन्नास फुले खोचली, कारण खारीने एक खोचले होते. खाली सावरीचा कापूस असा जाड अंथरला की पाय घोट्यापर्यंत रुतावा. सगळे झाले, तरी मागच्या तोंडाशी तिची नजर अडे. तिथून उजेड येई, धूळ येई, करवंदीच्या काटक्या आत डोकावत. "शोभा जाते सगळी," म्हणत तिने ते तोंड दगड-मातीने बुजवले, वरून लिंपले आणि त्यावर मोरपिसांचा पंखा मांडला.

खार सहज डोकावली. "किती सुंदर गं, साळूताई! पण मागचं तोंड कुठे गेलं? आपल्यासारख्यांचा जीव असतो त्यात."

साळूने काटे फुलवले. "जळतेस होय माझ्यावर? माझं घर सजलेलं बघवेना वाटतं!"

खार शेपटी आवरून निघून गेली.

ठरल्याप्रमाणे सशीण पुन्हा आली. या खेपेला नवऱ्यालाही घेऊन. साळूने मुद्दाम खारीला बोलावून समोरच्या फांदीवर बसवले होते. मोरपिसे पाहून सशिणीचे कानच उभे राहिले. "अगंबाई! हे तेच घर?"

बाहेरून ससा म्हणाला, "आपण घर घ्यायला आलोय की मोराच्या लग्नाला?"

"तुम्ही गप्प बसा हो!" सशीण म्हणाली. "साळूबाई, आम्ही आणखी कंद आणू. खारीपेक्षा वीतभर उंच, कबूल."

"जरा मोठ्याने बोल," साळू म्हणाली. तिचे सगळे लक्ष फांदीकडे. "तिथपर्यंत ऐकू जाऊ दे."

आता सशांमध्ये घर बघायची एक रीत असते. एकाने आत हिंडायचे, दुसऱ्याने बाहेर थांबायचे, आणि आतला रमला की बाहेरच्याने न सांगता-सवरता मागचे पाय जमिनीवर आपटायचे. शत्रू आल्याची ती खूण. आतल्याने डोळे मिटून पळायचे. सुखरूप बाहेर पडला तर घर चांगले.

सशीण कापसात लोळत होती. एवढ्यात धप्, धप्! सशाने पाय आपटले. सशिणीने डोळे मिटले आणि मागच्या खेपेला जिथून करवंदीचा वास आला होता तिकडे झेप घेतली. थाडकन भिंतीवर आदळली! मोरपिसे तिच्या अंगावर कोसळली, लिंपण फुटले, नाकाला लाल माती लागली आणि रक्तही आले.

"वाट कुठे गेली?" ती ओरडली. "इथे वाट होती!"

"हल्ली एकाच दाराची घरं असतात," साळू चाचरत म्हणाली.

"कोल्ह्याला सांगितलंयस का ते?" ससा बाहेरून म्हणाला.

"फोडते! आत्ता फोडून देते!" साळू भिंत उकरायला धावली. "दोन तोंडांचंच घर आहे, तू पाहिलंयस ना!"

सशिणीने नाक पुसले. "पाहिलं होतं, म्हणून तर परत आले. तू फोडशीलही गं. पण जगायची वाट जिने पिसांखाली दडवली, तिने आणखी काय काय लिंपलंय, हे मी कुणाला विचारू? पोरं वाढवायचीत मला इथे." आणि ती नवऱ्यामागून उड्या मारत निघून गेली.

साळू मागे धावली, "पहिला ढीगच दे! तेवढाच दे!" पण सशामागे साळू धावून कुठवर धावणार? धापा टाकत परत आली, तो खार खाली उतरलेली.

"तुझं विकलं गेलं," साळू कडवटपणे म्हणाली. "तूही फूल खोचलंस, मीही खोचली."

"मी आधी साळुंकीला ढोलीतली चीर दाखवली," खार म्हणाली. "पावसात तिथून पाणी गळतं, हे सांगितलं. फूल मग दाखवलं. चिरेपायी तिने बोरं कमीच दिली."

"कमी? तो एवढा मोठा ढीग!"

"अगं ताई, खाली वारूळ आहे तिथे. वारुळावर बोरं वाळत घातली होती मी. जवळ येऊन पाहिलं असतंस तर मूठभर तुलाही दिली असती."

 साळू आत गेली आणि झिजल्या नखांनी मागचे तोंड उकरू लागली. माती वाळून दगड झाली होती. ती फुटता फुटता कितीतरी दिवस गेले. अखेर वाट मोकळी झाली, करवंदीचा वास आत आला, आणि त्याच वाटेने टिटवीचा आवाजही आला.

"साळूबाई, तुझी लेक बाळंत झाली! दोन पिल्लं आहेत."

"जवळ कोण होतं गं तिच्या?"

"कपारीत नवी साळू राहायला आलीय ना, तिनेच सगळं केलं. फार मायेची बाई. तुझी लेक तर तिला आईच म्हणते."

तात्पर्य, पोरांनो, एवढेच : जळणाऱ्या डोळ्याला दुसऱ्याच्या वारुळावरची बोरेही डोंगराएवढी दिसतात; शेजारणीला दाखवायला जो घर सजवतो, तो स्वतःचीच वाट स्वतःच्या हाताने बुजवून बसतो.