हरबाच्या हंड्याचं पाणी

"महाराज, त्या मोतीरामात असं काय आहे, जे माझ्यात नाही?"

केसरनाथ महाराज नुसते हसले.

हरबाच्या अंगाचा तिळपापड झाला. खाडीकाठच्या या मठात सेवा करता करता त्याचे केस पिकले. आणि महाराजांनी आपल्यामागे गादी सांगितली कुणाला? तर काल-परवा आलेल्या मोतीरामाला!

मठाची विहीर खारी. म्हणून खाडीचं पाणी हंड्यात तापवायचं आणि वर उतरतं झाकण ठेवायचं. झाकणाला लागून वाफेचे थेंब होत, ते बांबूच्या नळीतून शेजारच्या मडक्यात पडत. तेच मठाचं प्यायचं पाणी. हरबाची आणि मोतीरामाची चूल अगदी शेजारी शेजारी.

"आज तुम्हा दोघांच्या हातचं पाणी पिईन," महाराज म्हणाले.

हरबाला तेवढंच हवं होतं. त्याने चुलीत लाकडं कोंबली. जाळ हंड्याच्या गळ्यापर्यंत चढला. तिकडे मोतीरामाची चूल आपली मंद, धुगधुगत.

"हरबादादा, जाळ फार होतोय..."

"तू तुझं बघ! आता माझ्या चुलीवरही तुझीच सत्ता का?"

हंडा खदखदला. बघता बघता हरबाचं मडकं भरलं. मोतीरामाच्या मडक्याचा जेमतेम तळ झाकला होता. हरबाला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या.

त्याने घाईघाईने तांब्या भरून पुढे केला. महाराजांनी तोंड वाकडं न करता तो रिकामा केला.

"कसं आहे, महाराज?"

"तूच घे की."

हरबाने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं... आणि थुंकलं. खारट! उकळीबरोबर हंड्यातलं पाणी उसळून नळीत शिरलं होतं.

इतकी वर्षं सगळ्या मठाला पाणी पाजलं, आणि आज प्रत्यक्ष गुरूला हे असलं! हरबाला रडू फुटलं.

"मला त्याचा हेवा वाटतो, महाराज. त्याचं तोंडही बघवत नाही..."

महाराजांनी खाडीच्या मुखाकडे बोट केलं. पलीकडे समुद्र उन्हात निवांत पडला होता. वरून ढग डोंगराकडे सरकत होते.

"सूर्य रोज त्यातलं केवढं पाणी वर नेतो, हरबा... आणि पाऊस गोडच पडतो. समुद्राला उकळी फुटलेली पाहिलीस कधी?"