वाचनालय बंद होऊ नये म्हणून

हे काही आटपाट नगर नव्हतं. साधं बोरखेडी गाव. तिथे एक भोळा ग्रंथपाल होता. नाव काशिनाथ. वाचनालयात पुस्तकं होती, कॉम्प्युटरही होता, पण माणूस फिरकत नव्हता. शेवटी वरून निरोप आला, साहेब पाहायला येणार. वाचनालय ओस दिसलं तर कायमचं कुलूप.

काशिनाथाच्या बायकोने, इंदूने, संकष्टी धरली. "गणराया, ह्यांना दुसरं काही जमत नाही. एवढं वाचनालय राहू दे."

तालुक्याहून काशिनाथाला कॉम्प्युटर शिकवायला एक मॅडम आल्या. त्यांनी आपल्या आवडीच्या साइट उघडून दाखवल्या. शब्दकोश, विश्वकोश, जुने ग्रंथ, औषधपाणी, हवामान. एकेकीपुढे चांदणीची खूण करून दिली. म्हणाल्या, "काशिनाथ, माहिती मिळाली की दाबून ठेवायची नाही. गावभर पोचवायची."

"हो मॅडम."

दुसऱ्या दिवशी वाचनालयाचे अध्यक्ष नरहरीअण्णा आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "काश्या, मूळव्याधीवर काय खावं, बघ जरा."

काशिनाथाने चांदणीवर बोट ठेवलं. वाचलं. उठला, देवळात गेला आणि भोंगा लावला.

"ऐका हो ऐका! नरहरीअण्णांना मूळव्याध झाली आहे. त्यांनी ताक, सुरण आणि भरपूर पालेभाजी खावी!"

अण्णा लालेलाल. "गाढवा! वाचक काय विचारतो ते सांगत सुटायचं नसतं. कुणालाही नाही!"

"हो अण्णा."

मग अण्णांच्या घरच्या वच्छलाकाकू आल्या. "काशिनाथ, उद्या पाऊस आहे का रे? कुरडया घालायच्यात. बघून ठेव, मी दळण घेऊन येते."

काशिनाथाने पाहिलं. धो धो पाऊस होता. काकू परत आल्या.

"काय म्हणतंय?"

"सांगता येत नाही."

"का? मशीन बिघडलं?"

"वाचकाने विचारलेलं कुणाला सांगायचं नाही."

"अरे, वाचक मीच ना!"

"अण्णा म्हणाले, कुणालाही नाही."

दुसऱ्या दिवशी गच्चीवरच्या कुरडयांचा परत चीक झाला. काकू पदर खोचून आल्या. "मेल्या, सांगायचं असतं! फार तर खात्री करावी. एकीकडून कळलं की आणखी दोन ठिकाणी विचारावं, मग हलावं."

"हो काकू."

संकष्टीच्या संध्याकाळी इंदू देवापुढे बसली होती. तिथूनच ओरडली, "अहो, दूध उतू चाललंय!"

काशिनाथाने चपला घातल्या. शेजारी गेला. "आमचं दूध उतू चाललंय का हो?"

"वास तर येतोय," शेजारीण म्हणाली.

पलीकडच्या घरी गेला. तिथेही नाकं वर झाली. मग परत आला. "इंदू, बातमी पक्की आहे."

पातेलं काळं. नैवेद्याची खीर गेली. उपासाचा दिवस, रागवायचं नाही, म्हणून इंदू हळूच म्हणाली, "अहो, आतलं बाहेर येताना दिसलं की विचारत बसायचं नाही. आधी झटकन बंद करायचं."

"बरं इंदू."

साहेब आले तो दिवस. बघतात तर वाचनालय माणसांनी फुललेलं! भोंग्यामुळे गावाला कळलं होतं, इथे औषध सापडतं. काकूंच्या कुरडयांमुळे कळलं होतं, इथे पाऊसही सापडतो. साहेब कसेबसे आत शिरले.

काशिनाथ त्यांच्यासाठी चहा घेऊन आला. पाहतो तर माणसं दारातून पायऱ्यांवर सांडलेली.

"आतलं बाहेर येतंय!"

त्याने सगळ्यांना आत ढकललं, दार ओढलं आणि कुलूप घातलं.

"अरे, दार उघड! आम्ही आत अडकलोय!" साहेब ओरडले.

"आलोच साहेब, आणखी दोन ठिकाणी विचारून!"

तो संध्याकाळी आला. तोवर आत काय करणार? लोकांनी एकेक चांदणी उघडून साहेबांना दाखवली. कुणी शब्द शोधला, कुणी जुनी पोथी. साहेबांनी गुपचूप सुरणाची भाजी कशी करतात ते पाहून घेतलं.

कुलूप निघालं. इंदू प्रसाद घेऊन दारात उभी होती. साहेब बाहेर आले, हसले. "इतकं भरलेलं वाचनालय मी पाहिलं नाही. हे कधीही बंद करायचं नाही!"

इंदूच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऐकलंत ना हो, साहेब काय म्हणाले?"

"ऐकलं."

सकाळी ती वाचनालयात फुलं घेऊन गेली, तर आत एक शेळी विश्वकोश चघळत होती. आणि काशिनाथ नदीकडून हात झटकत येत होता.

"काळजी मिटली, इंदू! दारं-खिडक्या काढून नदीत सोडल्या. आता बंद करायचं म्हटलं तरी होणार नाही."